गाठोड्याला अकरा

तीर्थरूप वन्सं यांना,

वहिनीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण माझे गुडघे आता तो शब्द लिहायलाही तयार नाहीत. जेवढं वाकता आलं तेवढा नमस्कार समजून घ्यावा.) इकडे सगळं ठीक. सगळं म्हणजे मी, माझी नात आणि नातीचा लॅपटॉप. मुलगा आणि सून दिवसभर कामावर असतात, तेही ठीक असतील असं मी धरून चालते, कारण संध्याकाळी दोघांच्यात तोंड उघडण्याइतकं त्राण नसतं. तुमची तब्येत कशी आहे? डावा खांदा काय म्हणतो? लॉन्ड्रीच्या रोलरवर वीस वर्षं काढून ज्याचा खांदा दुखत नाही त्यानं काम केलं नाही, असं तुम्हीच म्हणायचात. माझे दोन्ही दुखतात. हे आपलं सहज कळवलं.

बावीस वर्षांनी ही बाई पत्र का लिहितेय असं तुम्हाला वाटेल. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही ओळखलंच असेल. असं अक्षर दुसऱ्या कोणाचं असणं शक्य नाही. नात म्हणाली होती, मी टाइप करून देते. मी म्हटलं नको, त्यांना मग वाटायचं बिल आलं. फाडून टाकायचं असेल तर आत्ताच फाडा. पण तुम्ही फाडणार नाही. अर्धवट मोजलेलं टेबलावर सोडून उठणं तुम्हाला कधी जमलं नाही, आणि हे पत्र मी मुद्दामच लांब लिहिणार आहे.

तर नात. तुम्ही आमचं दार सोडलंत तेव्हा तिला पहिला दात यायचा होता. आता बत्तीसच्या बत्तीस आहेत आणि सगळे माझ्याशी वाद घालताना दिसतात. कॉलेज झालं, नोकरी नाही, म्हणून सहा महिन्यांचा एक कोर्स लावलाय. त्यात डेटा शिकवतात. डेटा म्हणजे काय हे तिनं मला चार वेळा समजावलं, आणि पाचव्यांदा मीच तिला समजावलं: कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं आणि नंतर कोणीच न वाचलेलं जे असतं, ते. हे सगळं ठेवायचं कुठे, तर क्लाउडवर. मला आधी वाटलं ही काहीतरी वरची गोष्ट असेल. तसं काही नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतलं कपाट आहे, चावी आपली आणि भिंती त्यांच्या. त्या कपाटातच एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर आपला डेटा टाकायचा, निवडायचा, धुवायचा, घडी घालायची आणि शेवटी त्याला काय बोलायचंय ते बोलू द्यायचं. हे ऐकलं आणि मी म्हटलं, अगं, मग ही आमची लॉन्ड्रीच झाली की! एवढ्यासाठी फी कशाला भरलीस?

कोर्सच्या शेवटी एक काम करून दाखवायचं असतं. खरा डेटा आणायचा, स्वच्छ करायचा, त्यातून काहीतरी शोधायचं आणि तीन परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं. बाकीच्यांनी तयार फाइली उचलल्या. आमच्या बाईला मात्र दुसऱ्या कोणाकडे नसेल असं काहीतरी हवं होतं. (हा हट्ट आमच्या घरात कुठून आला ते मी लिहीत नाही, तुमच्या माहेरचं नाव निघायचं.) आठ दिवस घरभर तोंड पाडून फिरली. नवव्या दिवशी केर काढताना तिला माझ्या खाटेचा पाय दिसला. आमच्या खोलीची फरशी एका बाजूला उतरती आहे, म्हणून त्या बाजूच्या दोन पायांखाली मी वह्या घातल्यात. लॉन्ड्री बंद झाली तेव्हा रद्दीत चालल्या होत्या, त्या मी उचलून आणल्या. जाड पुठ्ठ्याच्या, लांब, निळ्या कडेच्या. तुम्हाला सांगायला नको कुठल्या.

नातीला मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. की हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीला दोन दारं होती, एक मळक्या कपड्यांचं आणि एक स्वच्छ कपड्यांचं, आणि मळक्या दारानं आलेलं माणूस हात धुतल्याशिवाय स्वच्छ दाराकडे फिरकायचं नाही. की मळक्या दाराच्या खिडकीत मी बसायची आणि येण्याची वही माझ्याकडे असायची. स्वच्छ दाराच्या टेबलाशी आत्याआजी, म्हणजे तुम्ही, आणि जाण्याची वही तुमच्याकडे. वॉर्डातले मामा चादरी गाठोड्यात बांधून आणायचे: दहा चादरी आत आणि अकराव्या चादरीत बांधलेल्या. मळकं कोणी उकलून मोजत नाही, म्हणून मी गाठोड्यामागे एक रेघ मारायची आणि रेघेला अकरा धरायचे असा नियम होता. (मी दुसरी पास, माझ्याकडून याहून जास्त कोणी मागितलंही नाही.) आज आलेलं उद्या धुऊन जायचं. तुम्ही प्रत्येक वॉर्डाची चादर कोपऱ्यातल्या दोऱ्याच्या रंगावरून वेगळी करायचात, एकेक मोजायचात आणि तुमच्या त्या छापल्यासारख्या आकड्यांत लिहायचात. त्या आकड्यांवरून स्टोअरचा कारकून, आपली टाचणी, मला रोज ऐकवायचा, 'बघा मावशी, याला म्हणतात लिहिणं!' मी ते विसरले नव्हते, हेही आता लिहून टाकते.

तीन आठवडे मी वाचायची आणि ती टाइप करायची. खाट या काळात कलती होती आणि मी घरंगळून भिंतीला लागायची, पण शिक्षणासाठी सोसलं. पुढे मला नुसतं वाचायचा कंटाळा आला. नातीच्या फीमध्ये घरातलं आणखी एक माणूस शिकू शकतं असं निघालं, म्हणून तिनं माझंही नाव घातलं. रोज दुपारी जेवण झालं की मी चष्मा लावून बसते. पडद्यावर एक मास्तर येतो, त्याला दाढी आहे पण घाई नाही. तो म्हणाला, पहिला नियम, मूळ डेटाला हात लावायचा नाही. त्याची नक्कल काढा आणि नकलेवर काय ते करा. चुकलं तर मागे जाता आलं पाहिजे. मी नातीला म्हटलं, हा माणूस मळकं दार आणि स्वच्छ दार वेगळं ठेवतो, याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग धुणं सुरू झालं. तारखा एका घाटात आणायच्या. माझ्या रेघांचे आकडे करायचे, रेघ गुणिले अकरा. मोकळ्या जागा शोधायच्या. नात म्हणाली, 'आजी, इथं काही नाही, शून्य टाकू?' मी म्हटलं, खबरदार. त्या दिवशी बॉयलर बिघडला होता, लॉन्ड्री बंद होती. आलं नाही वेगळं आणि लिहिलं नाही वेगळं. तर मास्तरनं पुढच्या धड्यात हेच सांगितलं, आणि त्या दिवसापासून नात मला थोडी वचकून असते. मग दोन्ही वह्या एकमेकींना जोडायच्या, तारीख आणि वॉर्ड बघून. तिनं जोडल्या तर बऱ्याच ठिकाणी चादरी यायच्या आधीच धुऊन गेलेल्या! ती घाबरली. मी म्हटलं, अगं, आजचं उद्या जातं, एक दिवस सरकव. सरकवला आणि दोन्ही वह्या अशा चपखल बसल्या, वन्सं, की मला आपण दोघी घडीला उभ्या राहायचो ते आठवलं. तुम्ही दोन कोपरे धरायचात, मी दोन, आणि चालत चालत मधे यायचं. तुम्ही नेहमी एक झटका जास्त द्यायचात. चादर सरळ व्हायची, माझी बोटं सुटायची.

असो. चार्ट काढला. चार्ट म्हणजे आकड्यांचं चित्र; माझ्यासारखीला आकड्यांपेक्षा बरं. आलेलं वजा गेलेलं, दिवसाला एक काडी. आधी जवळजवळ सपाट, कुठे कधी एखादीच काडी. मग एका तारखेपासून रोज काडी उभी, कधी दोनाची, कधी तिनाची. असे चार महिने. आणि मग एका दिवशी एकदम पुन्हा सपाट, आणि शेवटपर्यंत सपाटच. त्या चार महिन्यांच्या काड्यांची बेरीज तीनशे बारा. टाचणीनं तुमच्यावर चोरीचा ठपका ठेवताना सांगितला होता तोच आकडा.

नातीनं विचारलं, 'या दिवशी काय झालं आजी? इथून चादरी कमी पडणंच थांबलं.'

मी म्हटलं, 'त्या दिवशी तुझ्या आत्याआजीला कामावरून काढलं.'

ती हळूच म्हणाली, 'म्हणजे खरंच त्यांनीच...?'

आता इथं मी खोटं लिहू शकते, पण पत्र लांबलंच आहे तर खरंच लिहिते. मला बरं वाटलं. बावीस वर्षं मी जे म्हणत होते तेच मशीनही म्हणतंय, तेही चित्र काढून. त्या दुपारी मी दोन कप चहा घेतला. तुम्ही गेल्यावर लोक मला म्हणायचे, सख्खी नणंद, जरा तरी बाजू घ्यायची. मी म्हणायची, वही नातं बघत नाही. तुम्ही शेवटच्या एक-दोनदा घरी येऊन गेलात त्यानंतर मी आमच्या घरच्या चादरी मोजल्या होत्या. (सगळ्या होत्या. तरी पुढच्या खेपेला पुन्हा मोजल्या.) तुमचे बंधू गेले तेव्हा तुम्ही आलात, दाराशी उभ्या राहिलात आणि पाण्याला न शिवता परत गेलात. मी मनात म्हटलं, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून आत आल्या नाहीत. असं सगळं पक्कं बसलं होतं माझं.

नातीनं नाव ठरवलं: 'हॉस्पिटलच्या चादरी कुठे गेल्या?' गोष्ट तयार, चोर तयार, फक्त रंगरंगोटी बाकी. तेवढ्यात त्या दाढीवाल्या मास्तरनं घोळ घातला. धडा असा होता की डेटात जे फार वाईट दिसतं ते सगळेच तपासतात. जे फार चांगलं दिसतं तेही तपासा. नातीनं आपला चार्ट पुन्हा उघडला. चार्टच्या उजव्या अंगाला, तुम्ही गेल्यानंतरची चार वर्षं, एकही काडी नाही. एक दिवस एक चादर कमी नाही, एक जास्त नाही. चार वर्षांत एकही चादर फाटली नाही, रोलरला अडकली नाही, दुसऱ्या वॉर्डात गेली नाही. ती म्हणाली, 'आजी, आत्याआजी गेल्यावर जाण्याची वही कोणाकडे होती?'

मी म्हटलं, माझ्याकडे. दोन्ही माझ्याच गळ्यात पडल्या.

'मग जाताना मोजायचीस कशी?'

मी म्हटलं, खोलीत उकडतंय, पंखा लाव. तिनं पंखा लावला आणि येऊन पुन्हा तिथंच बसली. (हे बसणं तुमच्या माहेरचं.)

वन्सं, मी मोजलंच नाही. एक दिवससुद्धा नाही. दोन दारं, दोन वह्या, एक माणूस. मी सकाळी माझी येण्याची वही बघायची, रेघांचे अकरा अकरा करून टाचणी मला एका चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा आणि तोच आकडा मी दुसऱ्या दिवशी जाण्याच्या वहीत उतरवायची. आलं तेवढं गेलं. टाचणी खूश, मी मोकळी. त्यात काही वाईट आहे असं माझ्या मनातही आलं नाही, कारण चोर गेलाय मग कमी कसं येईल? आधी चोर ठरवला, मग त्याच्यावरून आकडे लिहिले, आणि मग तेच आकडे दाखवून म्हटलं, बघा, हा चोर. नातीनं हे ऐकलं आणि ती रागावली नाही, ते जास्त लागलं. तिनं फक्त त्या चार वर्षांच्या ओळींवर एक खूण केली, 'विश्वास ठेवू नये' अशी. माझ्या चार वर्षांच्या कामावर.

उरले मधले चार महिने. नात म्हणाली, बेरजेत बघून काही कळणार नाही, वॉर्डावॉर्डांत वाटून बघू. टाचणी महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्यांची नुसती बेरीज लावायचा, वॉर्ड बघायचे कष्ट त्यानं कधी घेतले नाहीत. (कपाट उघडून चादरी मोजाव्यात हे तर कोणाच्याच डोक्यात आलं नाही. वहीत कमी म्हणजे कमी.) वाटल्यावर काय दिसलं, तर सगळे वॉर्ड बरोबर. एकटा चौथा वॉर्ड कमी. आणि तोही कसा, बावीस आल्या तर वीस गेल्या. तेहतीस आल्या तर तीस. दोन गाठोडी असली की दोन कमी, तीन असली की तीन. चार महिने, एकदाही चुकून तिनाच्या जागी चार नाही. नात म्हणाली, आजी, माणूस असं चोरत नाही. असा शिस्तीत फक्त नियम चोरतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. तुमची वही वाचून दाखवताना काही आकड्यांपुढे मी 'टिंब' असं वाचलं होतं आणि तिनं मूळ फाइलमध्ये तसंच टाइप केलं होतं. धुताना तिनं मशीनला सांगितलं होतं, आकड्याशिवाय जे जे असेल ते काढून टाक, तशी सगळी टिंबं डाग समजून निघून गेली. आता मलाच ती आठवली. मी म्हटलं, मागे जा, मूळ काढ. काढलं. त्या चार महिन्यांत चौथ्या वॉर्डाच्या प्रत्येक ओळीला टिंब. बाकी कुठे फारसं नाही. तुम्ही टिंब कधी द्यायचात ते मला माहीत आहे, वन्सं, तुमच्याशेजारी मी वीस वर्षं घड्या घातल्यात. आकडा मनाला पटला नाही की तुम्ही सगळा ढीग उलटा करून पुन्हा मोजायचात आणि मग टिंब द्यायचात. दुसऱ्यांदा मोजलं, अशी खूण. चार महिने, रोज, तुम्ही चौथ्या वॉर्डाच्या चादरी दोन-दोनदा मोजल्यात. चोरणाऱ्या बाईला एवढी काय पडली असती!

त्या पडद्याकडे बघता बघता माझा उजवा हात आपोआप पुढे गेला, खिडकीतून काहीतरी देतात तसा. आणि मला चौथ्या वॉर्डाचे मामा दिसले. आठवतात? टकलू, सतत शिट्टी वाजवणारे, दुसऱ्या वॉर्डातून नवे बदलून आलेले. ते गाठोडं खिडकीत ठेवायचे, मी रेघ मारायची, आणि ते म्हणायचे, 'मावशी, बाहेरची तेवढी परत द्या हो. आमच्या वॉर्डात बांधायला काही उरत नाही.' मी गाठ सोडायची, आतल्या दहा मळक्या टोपलीत टाकायची आणि बाहेरची चादर त्यांच्या हातात. मीच. रोज दोनदा, तीनदा. रेघ मात्र अकराची. तीच चादर दुपारी पुन्हा गाठोडं होऊन यायची, पुन्हा रेघ, पुन्हा परत. (फारच मळली की तिची बहीण यायची.) ती तुमच्या टेबलापर्यंत कधी पोचलीच नाही, तिनं पाण्याचं तोंडही बघितलं नाही. तीनशे बारा चादरी हरवल्या नव्हत्या. एकच चादर तीनशे बारा वेळा आली होती.

नातीची परीक्षा काचेच्या दारांच्या एका इमारतीत होती. मला तिनं बरोबर नेलं, मी मागच्या रांगेत बसले. तिनं सगळं सांगितलं, आधीचा चार्ट, नंतरचा चार्ट, विश्वास न ठेवण्याच्या ओळी, टिंबं. छान बोलली, मधे हात जास्त हलवले. परीक्षकांत एक जाड चष्म्याच्या बाई होत्या, त्यांनी विचारलं, ही बाहेरच्या चादरीची गोष्ट तुला डेटात कुठे सापडली? नात म्हणाली, 'डेटात नव्हती. आजीच्या हातात होती.' झालं, तीसचे तीस लोक मागे वळले. बाई मला म्हणाल्या, तुम्हाला काही सांगायचंय का? मी उठले. मी म्हटलं, एकीची वही बरोबर होती आणि एकीची चूक, आणि चूक होती तिला शाबासकी मिळाली. चूक माझी. मग खाली बसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लोकांना कशावरही वाजवाव्या वाटतात. नात पास झाली. नोकरीचं अजून काही नाही.

तर असा हा सगळा प्रकार. टाचणी आता नाही, शिट्टीवाले मामा कुठे आहेत माहीत नाही, हॉस्पिटलमध्ये धुणं बाहेरच्या गाडीतून जातं. म्हणजे ज्याला सांगून काही उपयोग आहे असं माणूस एकच उरलं, आणि त्यांना टपालानं कळवतेय. तुमचा पत्ता तुमच्या सुनेनं दिला. तिनं आधी दहा प्रश्न विचारले. चांगली आहे, जपा. माझ्याकडून माफी वगैरे शब्द या पत्रात शोधू नका. तो मला लिहिता येतो की नाही याचीच खात्री नाही, आणि चुकीचा लिहिलेला तुम्हाला चालायचा नाही. हिशेबात काय चुकलं ते वर सविस्तर लिहिलंय. पुन्हा मोजून बघा आणि पटलं तर टिंब द्या.

खांदा शेकत जा. घरातल्या सगळ्यांना, मला ओळखत नसले तरी, माझी आठवण सांगा.

तुमची
वहिनी

ता. क. नातीला तिचं काम त्या क्लाउडवर सगळ्यांना दिसेल असं कायमचं ठेवायचंय. त्यात वह्या कोणी लिहिल्या त्याचा एक रकाना आहे. येण्याच्या वहीपुढे माझं नाव टाकलंय. तुमच्या काळातल्या जाण्याच्या वहीपुढची जागा मोकळी आहे आणि ती मोकळी ठेवली की मशीन लाल होतं, पुढे जाऊ देत नाही. नात म्हणते, त्यांना विचारल्याशिवाय नाव घालायचं नाही. मी म्हटलं, विचारते. तुमचं नाव घालू का? तिथं मी हेही लिहायला सांगितलंय की हीच वही बरोबर होती.

दुसरा ता. क. वर सगळा दोष मी मोजणीवर टाकलाय, पण मूळ डेटाला हात लावायचा नाही असा नियम आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहिते. टाचणीनं मला ऑफिसात बोलावून विचारलं होतं, वही कोणाची खरी? मी म्हटलं, माझी. एवढ्यावर थांबले असते तर ती चूक झाली असती. मी थांबले नाही. मी म्हटलं, 'वन्संच्या घरी पाहुणे फार येतात, अंथरुणं बरीच लागतात त्यांना.' त्यानं ते लिहून घेतलं. माझ्या एवढ्या आयुष्यात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं ते त्या एकाच वेळी. हे नातीला मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा, मी नाही म्हणणार नाही.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हे सापडलं म्हणून लिहावं लागतंय. खाटेखाली वह्या परत लावताना नातीनं विचारलं, आजी, एवढ्या वह्या तू तेव्हा आणल्यास कशात? ट्रंकेत बघितलं. चादर आहे. कोपऱ्यात निळा दोरा, चौथा वॉर्ड. चारही कोपरे गाठी मारून मारून दोरीसारखे झालेत. तीच की तिची बहीण ते मी सांगू शकत नाही. पण त्या लॉन्ड्रीतून खरोखर चोरीला गेलेली अशी एकच चादर असेल, तर ती माझ्या घरात आहे, आणि शेवटचं गाठोडं मीच बांधलं होतं. ती धुऊन हॉस्पिटलला परत द्यायची असं ठरवलंय. मशीनमध्ये घालत नाही, कोपरे तुटतील. पण हातानं धुतलेली ओली चादर एकटीला पिळता येत नाही, समोर माणूस लागतं. सुनेला वेळ नाही, आणि नात धरते पण हसत सुटते. लॉन्ड्रीत तुम्ही पिळायचात आणि मी नुसती धरायची. खांदा बरा असला तर एक दिवस या. बरा नसला तरी या. तुम्ही फक्त टोक धरा, या वेळी मी पिळते.